थांबलोय, बोल

डाळज
१२ ऑगस्ट २०२४

चि. मेघना,

जय भीम.

तुझ्या आईचा फोन तू उचलतेस, माझा उचलत नाहीस. म्हणून पत्र. पत्ता आईकडून घेतला. कशाला पाहिजे, असं तिनं विचारलं नाही.

तू नर्स आहेस, म्हणून पायाचं तुला विचारायचं होतं. उजवा पाय अजून तसाच आहे. मांडीपासून खाली जड लाकडासारखा लागतो. उंबरा ओलांडताना हातानं उचलून पलीकडं ठेवतो. नखानं चिमटा घेतला तर दुसऱ्याच्या पायाला घेतल्यासारखं वाटतं. कंबरेचा एमआरआय झाला, नसांना करंट देऊन तपासणी झाली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आहेत. नॉर्मल म्हटल्यावर माणसानं खूश व्हायचं असतं, पण मी त्यांच्या टेबलासमोर कुबडी धरून उभा होतो. अपघातात आतल्या आत काही लागलं असणार आणि मशीनमध्ये दिसत नसणार, असं मला वाटतं. तुझ्या हॉस्पिटलात कुणाला विचारून कळव.

भीमा मिस्त्रीच्या केसची तारीख आली आहे. १८ नोव्हेंबर, इंदापूर कोर्ट. साक्षीला मी आहे. टँकरच्या मालकांचे वकील म्हणाले, काय झालं ते एकदा कागदावर लिहून काढा, म्हणजे आयत्या वेळी गडबड होत नाही. तेव्हा तुलाच लिहितो.

२१ फेब्रुवारीला दुपारी साडेचारच्या सुमारास मी दुधाचा टँकर घेऊन निरवांगीहून निघालो होतो. कॅनॉलच्या पुलाच्या अलीकडं बिरदेव नावाचा मेंढपाळ मेंढरं घेऊन रस्ता ओलांडत होता. मी ब्रेक दाबला. ब्रेक लागला नाही. टँकर मेंढरांत शिरला, बिरदेवला धडकला आणि पुलाच्या कठड्याला जाऊन थांबला. त्याच्या आदल्या आठवड्यात ब्रेकचं काम भीमा मिस्त्रीनं केलं होतं.

एवढंच. बारा मेंढरं मेली, बिरदेवचं खुब्याचं हाड मोडलं. कठड्याला धडकून ब्रेकचा पाइप तुटला, त्यामुळं तो आधी तुटला की नंतर, हे तपासायला आलेल्या साहेबांनाही सांगता आलं नाही. म्हणून सगळं माझ्या जबाबावर आहे.

भीमाचं भिगवणचं गॅरेज तेव्हापासून बंद आहे. बावीस वर्षांची ओळख. वाईट वाटतं, पण जे झालं ते झालं.

तू रागावली आहेस. कशाबद्दल, ते तू कधी सांगितलं नाहीस. पायाचं तेवढं कळव.

तुझा,
पप्पा


डाळज
५ सप्टेंबर २०२४

चि. मेघना,

जय भीम.

तुझं उत्तर आलं नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी बारामतीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. चिठ्ठीवर नुसतं नाव होतं, म्हणून गेलो. दारावरच्या पाटीवर मनोविकार हा शब्द वाचला आणि तुझ्या आईला म्हणालो, चल परत. ती म्हणाली, एवढं लांब आलोय तर दाखवून जाऊ. कोण बघतंय आपल्याला.

डॉक्टरांचं नाव वैष्णवी. वयानं तुझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. मला वाटलं होतं झोप लागते का, कुणाचे आवाज ऐकू येतात का, असलं विचारतील. त्यांनी आधी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय उडाला, म्हणाल्या छान. मग मला टेबलावर उताणं झोपवलं आणि उजव्या टाचेखाली आपला हात ठेवला. म्हणाल्या, टाच खाली दाबा. मी जोर लावला. घाम आला, पण टाच दबली नाही. मग म्हणाल्या, आता उजवा पाय विसरा, डावा वर उचला. डाव्या पायावर त्यांनी दुसऱ्या हातानं दाब दिला होता, म्हणून मी नेट लावून उचलला. तेव्हा त्या म्हणाल्या, "कळलं का काही?"

मला काही कळलं नव्हतं. त्यांनी तुझ्या आईला बोलावलं आणि तिचा तळहात माझ्या उजव्या टाचेखाली ठेवायला सांगितला. पुन्हा डावा पाय उचलायला लावला. तुझ्या आईचा चेहरा बदलला. तिनं हात काढून घेतला, बघितला, परत ठेवला.

"दाबतोय की," ती म्हणाली. "पायात जीव हाय."

मेघना, मी दाबत नव्हतो. माझ्या बापाची शपथ. डाव्यासाठी जोर लावला की उजवा आपोआप दाबतो, सगळ्यांचा दाबतो, असं डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे नस शाबूत आहे, ताकद शाबूत आहे. फक्त मी सांगायला गेलो की पाय ऐकत नाही.

मला राग आला. मी म्हणालो, म्हणजे मी सोंग करतोय असं म्हणा की सरळ.

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "सोंग तुमच्या हातात असतं. हे तुमच्या हातात नाही. लाजेनं माणसाचं तोंड लाल होतं, परीक्षेच्या दिवशी पोराला जुलाब होतात. ती सोंगं असतात का? तुमचा पाय खरंच चालत नाही. कारण फक्त हाडात आणि नसेत नाही."

मग पाय कधीपासून गेला ते विचारलं. मी म्हणालो, अपघातापासून. त्यांनी दवाखान्याचं जुनं कार्ड काढलं आणि चष्मा वर करून वाचू लागल्या. बावीस तारखेला पेशंट स्वतः चालत एक्स-रेला गेला. तेवीसला चालत बाथरूमला गेला. चोवीसला सकाळी पाय उचलत नाही अशी तक्रार.

"तेवीस तारखेला काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, काही नाही. मुलगी भेटायला आली होती.

एवढं बोललो आणि कुबडी घेऊन बाहेर आलो. पुढच्या वेळची चिठ्ठी आईनं घेतली. मी जाणार नाही असं तिला गाडीत सांगितलं. भिगवणपर्यंत ती स्वतःचा तळहात बघत बसली होती.

परवा राजवर्धन साहेब स्वतः घरी येऊन गेले. एवढा मोठा मालक आपल्या ओट्यावर पहिल्यांदाच बसला. म्हणाले, पायाचं आपण पुण्यात बघू, आधी तारीख होऊ दे. टँकर चालवता आला नाही तर दूध संकलन केंद्रावर बसायचं काम देतो म्हणाले. जाताना परत म्हणाले, जबाब बदलायचा नाही, भानुदासराव, एक शब्द इकडचा तिकडं नको. मी म्हणालो, बदलायचं काही कारणच नाही.

तू त्या दिवशी फार थोडा वेळ बसलीस. तेवीस तारखेला. माझ्या छातीला स्टेअरिंगचा मार होता, मला बोलायला त्रास होत होता. मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही.

तुझा,
पप्पा


डाळज
३० सप्टेंबर २०२४

चि. मेघना,

जय भीम.

आई दौंडला मावशीकडं जाते म्हणून गेली होती. काल आली आणि म्हणाली, मी नाशिकला गेले होते. पिशवी न ठेवता दारातच सांगितलं.

तुझं वजन अकरा किलो उतरलंय म्हणाली. तीन घास खाल्ले की चौथ्याला उलटी. तोंडातून नळी घालून दोनदा तपासणी झाली. एकदा तुझ्याच वॉर्डात तुला सलाइन लावलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. सोबतच्या पोरी म्हणतात, मेघना लग्नासाठी बारीक होतेय.

"पोरीच्या अंगावर कापडं लोंबत्यात," आई म्हणाली. "नळावर वाटी धुताना मनगाट बघितलं. माझ्यापेक्षा बारीक झालंय."

मी विचारलं, कधीपासून.

ती म्हणाली, फेब्रुवारीपासनं.

मग ती आत गेली. मी खुर्चीत बसून राहिलो. संध्याकाळी तिनं चहा आणला, तो थंड झाला, तिनं तो नेला आणि दुसरा आणला. तोही तसाच राहिला. तिला काहीच माहीत नाही. अपघातानं पोरीनं धसका घेतला, एवढंच तिला वाटतं.

आज सकाळी एकटाच बारामतीला गेलो. नंबर नव्हता, बाहेर अडीच तास बसलो. डॉक्टरांना वाटलं पायासाठी आलोय. मी म्हणालो, पायाचं राहू द्या. एका वाक्यानं माणसाचं पोट बंद होतं का?

त्या म्हणाल्या, कुणाचं?

मी तुझं सगळं सांगितलं. वजन, नळी, तीन घास. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मी तिला बघितलेलं नाही. तिची नीट तपासणी व्हायला हवी, काही राहून गेलं नाही ना हे आधी पाहायला हवं. पण तुम्ही विचारताय ते होऊ शकतं. माणूस एखादी गोष्ट बोलू शकत नाही आणि टाकूनही देऊ शकत नाही, तेव्हा शरीर ती आपल्या पद्धतीनं घेऊन बसतं. प्रत्येकाचं वेगळ्या ठिकाणी." मग म्हणाल्या, "ते वाक्य कोणतं, हे तुम्हाला माहीत आहे असं दिसतंय."

मी सांगितलं. त्यांच्या टेबलासमोर पहिल्यांदा ते मोठ्यानं बोललो. आता तुला लिहितो. मागच्या पत्रात मला आठवत नाही असं लिहिलं होतं. मला शब्द न् शब्द आठवतो.

खरं असं आहे.

त्या दिवशी साडेचार वाजून काही मिनिटांनी तुझा फोन आला. फलटणचं स्थळ तुला नको होतं. मी त्या लोकांना शब्द देऊन बसलो होतो. पण तू ते बोलण्याआधी, अगदी पहिल्यांदा विचारलंस, पप्पा गाडी चालवताय का, नंतर करते. मी म्हणालो, "थांबलोय, बोल."

मी थांबलो नव्हतो. टँकर साठच्या वेगात होता. थांबवायला जागा होती, दोन ठिकाणी होती. मी थांबवला नाही, कारण फोन ठेवला असतास तर संध्याकाळपर्यंत तू आणखी पक्की झाली असतीस. मला तेव्हाच जिंकायचं होतं.

मी तुझ्यावर ओरडत होतो तेव्हा मेंढरं दिसली. दिसली हे नक्की. पाय उचलून ब्रेकवर न्यायचा असतो, हे तीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला वेगळं आठवावं लागत नाही. तो पाय उचललाच गेला नाही. मी बोलत होतो आणि पाय होता तिथंच राहिला. ब्रेक चांगला होता. त्याच सकाळी उतारावर ब्रेकला पाय नुसता टेकताच टँकर उभा राहिला होता आणि मी मनात म्हणालो होतो, भीमानं काम झकास केलंय.

बावीस तारखेला राजवर्धन साहेब दवाखान्यात आले. म्हणाले, ब्रेक लागला नाही एवढंच सांगा, बाकी आम्ही बघतो. अर्ध्या तासात हवालदार आला आणि मी तेवढंच सांगितलं.

तेवीसला तू आलीस. स्टुलावर बसलीस. हातातली केळ्यांची पिशवी तू खाली ठेवली नव्हतीस. म्हणालीस, "पप्पा, तुम्ही म्हणालात, थांबलोय." एवढंच बोललीस. आरोप केला नाहीस, नुसतं विचारल्यासारखं बोललीस. आणि मी भिंतीकडं तोंड करून म्हणालो, "तू फोन केला नसतास तर तो माणूस आज धड असता."

तू पिशवी कॉटवर ठेवलीस आणि गेलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायला गेलो तर पाय नव्हता.

सात महिने मी स्वतःला सांगत आलो की फोनचं लपवलं ते तुझ्यासाठी. फोनचं निघालं असतं तर पोलिसांनी तुला बोलावलं असतं, तुझं नाव कागदावर आलं असतं. हे खोटं आहे. मला माझं लायसन वाचवायचं होतं आणि गावात मान वर करून चालायचं होतं. भीमाला मी जगाच्या समोर दोषी केलं आणि तुला एका बंद खोलीत. तुझ्या वाट्याला आलेलं जास्त वाईट होतं, कारण तुझ्या बाजूनं साक्ष द्यायला कुणीच नव्हतं.

तुझ्या फोनचा काही दोष नाही. तू विचारलं होतंस. मी खोटं बोललो होतो. हे पत्र तुझ्या डॉक्टरांना दाखव, तुला सांगता येत नसेल तर नुसतं हातात दे. त्यांना कारण कळू दे.

मला उत्तर नको. खायला लाग.

भानुदास


डाळज
२६ ऑक्टोबर २०२४

चि. मेघना,

जय भीम.

काय काय झालं ते क्रमानं लिहितो.

आधी आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मी बोलत असताना तिचे हात थांबले नाहीत. जुडी संपली, देठं गोळा करून तिनं कोपऱ्यात टाकली. मग म्हणाली, "आठ म्हैनं मी ह्या पायाला तेल चोळतीय." आणि उठून गेली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवण ठेवायची, पाणी ठेवायची, तेलाची बाटली मात्र फळीवरून काढली नाही. पाचव्या दिवशी सकाळी स्वतःच रिक्षा घेऊन आली आणि म्हणाली, चला भिगवणला. आधी भीमाभाऊजीकडं, मग ठाण्यात.

भीमा आता हायवेच्या कडेला दुसऱ्याच्या पंक्चरच्या दुकानात असतो. ट्रकचं चाक उघडत बसला होता. मला बघून त्यानं मान खाली घातली, काम चालू ठेवलं. मी उभ्या उभ्या सांगितलं. बसायला जागा होती, पण बसलो नाही. सगळं सांगून झालं तरी तो लोखंडी पट्टीनं टायर उचकटतच होता. मग थांबला.

"मला ठावं व्हतं," तो म्हणाला. "माझ्या हातचं काम. मला ठावं न्हाय व्हय? पर मग माझ्या पोरीनं इचारलं, आबा, खरंच आवळायचं इसरला व्हता का? तिला मी न्हाय म्हणलो. आन त्या दिसापासनं मलाच वाटाय लागलं, इसरलो आसंन. ह्यो बघ, ह्यो नट. आता आवळला. तू गेल्यावर मी त्यो परत आवळणार. मग परत. धा धा बारी. मालक म्हणतो तुझ्यानं एका चाकाला तास लागतोय."

मी त्याच्या पाया पडायला वाकलो. ह्या पायानं धड वाकताही येत नाही, तोल गेला. त्यानं दंडाला धरून उभं केलं आणि लगेच हात सोडला.

"ठाण्यात जा," म्हणाला. "माझ्याकडं येऊ नको एवढ्यात."

ठाण्यात पुरवणी जबाब दिला. साहेबांनी तीनदा विचारलं, कुणाच्या दबावाखाली बोलताय का. मी म्हणालो, आधीचा जबाब दबावाखाली होता, आणि दबाव राजवर्धन साहेबांपेक्षा माझा स्वतःचा जास्त होता. हे त्यांनी लिहून घेतलं नाही. फोन कुणाचा होता, विचारलं. मी तुझं नाव सांगितलं, सांगावं लागलं. पण हेही लिहून घ्यायला लावलं की मुलीनं आधी विचारलं होतं आणि मी थांबलोय असं खोटं सांगितलं. ते वाक्य मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितलं. हवालदारानं वाचलं. मग सही केली.

दोन तासांत राजवर्धन साहेबांचा आईला फोन आला. ती म्हणाली, "त्ये जेवत्यात," आणि ठेवून दिला. मी जेवत नव्हतो. नोकरी गेली हे वेगळं कुणी कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रावरचा माणूस आला आणि युनिफॉर्म मागून घेऊन गेला. आता खटला माझ्यावर चालेल, अठरा नोव्हेंबरची तारीख पुढं जाईल. लायसन जाईल. भीमाचं नाव निघायला वेळ लागेल असं त्याचे वकील म्हणतात, पण निघेल.

ठाण्याच्या पायऱ्या उतरताना मी पायाकडं बघत होतो. तुझ्यापासून काय लपवू, मला वाटलं होतं आता तो उचलला जाईल. नाही उचलला. होता तसाच होता. आईनं धरून रिक्षात बसवलं.

वैष्णवी डॉक्टरांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, मी असं कधीच म्हणाले नव्हते. पाय म्हणजे बक्षीस नाही. आठ महिन्यांची सवय त्याला लागली आहे, ती व्यायामानंच मोडायची. त्यांच्याकडं एक फिजिओवाले आहेत. त्यांनी मला पुढं चालू दिलंच नाही. म्हणाले, काका, उलटं चाला. मागं बघायचं नाही, माझ्या तोंडाकडं बघायचं आणि सत्याहत्तरपासून उलटे आकडे म्हणायचे. मला हसू आलं, पण केलं. पस्तीसपर्यंत आलो तेव्हा लांबच्या भिंतीला पाठ टेकली. सगळी खोली मी चाललो होतो, कुबडी दाराशी होती. आई बाकावर बसून बघत होती. पुढं चालायला गेलो की पाय परत फरफटतो. रोज अर्धा तास असं ओसरीवर उलटं चालतो. शेजारची पोरं हसतात.

बिरदेवकडं निरवांगीला अजून गेलो नाही. त्याची बायको म्हाळसा आता एकटी उरलेली मेंढरं घेऊन हिंडते, असं ऐकलं. आज जाऊ उद्या जाऊ करतोय. पायाचं कारण सांगतो लोकांना. पाय हे कारण नाही.

तू खाते आहेस का, एवढं आईला सांग. मला नको सांगूस.

भानुदास


नाशिक
१९ नोव्हेंबर २०२४

पप्पा,

जय भीम.

चारही पत्रं मिळाली. पहिल्या पत्रात तुम्ही तो जबाब लिहिलात, ब्रेक दाबला, ब्रेक लागला नाही, तो मी ड्युटीवर जाताना जिन्यात वाचला. ड्युटीवर गेले नाही. दुसरं पत्र फाडणार होते. पायाबद्दल होतं म्हणून ठेवलं.

तिसरं आमच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना दिलं. तुम्ही लिहिलं होतं तसं, नुसतं हातात दिलं. त्यांनी वाचून घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, हे आधी का नाही सांगितलंस. माझ्या वॉर्डात महिन्याला चार-पाच पेशंट असे येतात, पप्पा. रिपोर्ट नॉर्मल आले की आम्ही सिस्टर मंडळी चहा पिताना त्यांच्यावर हसतो. मीही हसले आहे. म्हणून माझं कुणाला सांगत नव्हते.

पत्र वाचून मी बरी झाले असं समजू नका. त्या दिवशीही उलटी झाली. आता उपचार चालू आहेत, बोलायचे आणि गोळ्यांचे दोन्ही. गेले अकरा दिवस मऊ भात पोटात राहतोय. वजन आठशे ग्रॅम वाढलं आहे. फोन वाजला की अजून पोटात गोळा येतो. आईचा असला तरी येतो.

तुम्ही सगळं लिहिलंत, पण एक गोष्ट लिहिली नाहीत. मला वाटतं ती तुम्हाला आठवत नाही.

धडकेनंतर फोन बंद झाला नव्हता. तो केबिनमध्ये कुठंतरी पडला असेल. त्यानंतर चार मिनिटं तरी तो चालू होता. आधी मोठा आवाज झाला. मग मेंढरं ओरडत होती. मग अगदी जवळून तुमचा आवाज आला. तुम्ही म्हणालात, "मेघना, फोन ठेव. तू ऐकू नको हे." दोनदा म्हणालात. ओरडून नाही, मला झोपवताना बोलायचात तसं. मग दार उघडल्याचा आवाज आला आणि लांबून तुम्ही लोकांना सांगत होता, कंबर हलवू नका त्याची, फळी आणा, फळीवर घ्या. ते मी तुम्हाला शिकवलं होतं, पहिल्या वर्षाच्या सुट्टीत, आईला जमिनीवर झोपवून.

मी फोन ठेवला नाही. तुम्ही सांगितलं तरी सगळं ऐकलं.

दवाखान्यात मी त्या माणसाला भेटायला आले होते ज्यानं मला फोन ठेव म्हटलं. मला विचारायचं होतं ते थांबलोयचं, पण सांगायचं होतं ते फळीचं. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. तेव्हापासून ही दोन वाक्यं माझ्याकडं होती आणि दोन्ही एकाच माणसाची आहेत हे मला पटत नव्हतं. एक आठवलं की दुसरं खोटं वाटायचं. तिसऱ्या पत्रानंतर पहिल्यांदा वाटलं की दोन्ही तुमचीच आहेत.

मी तुम्हाला माफ केलं आहे असं लिहिणार नाही. ते अजून झालेलं नाही. फलटणच्या स्थळाबद्दल माझं उत्तर तेच आहे, ते विषय निघण्याआधीच सांगते.

कोर्टात मला बोलावलं तर मी येईन आणि ऐकलं ते सगळं सांगेन. तुमच्या बाजूचं आणि तुमच्या विरुद्धचं, दोन्ही.

शनिवारी सकाळी घरी येते. दोन दिवसांची सुट्टी मिळाली आहे. आईला सांगा भात मऊ करायला, तिखट नको. मी कमी खाल्लं तर कुणी ताटाकडं बघत बसू नका.

रविवारी आपण निरवांगीला जाऊ. जीप मी सांगून ठेवते. बिरदेवशी तुम्ही बोलायचं. मी काही बोलणार नाही, शेजारी बसेन.

मेघना